पाण्याच्या रेघा

माळ्यावरून लोणच्याच्या जुन्या बरण्या उतरवल्या आणि त्यांना गुंडाळलेले कागद सोडवत बसलो, तर ती कालनिर्णयची पानं निघाली. मागे पाककृती, पुढे तारखांच्या चौकटी, आणि चौकटींत दुधाचा हिशेब. एक, एक, दीड, खाडा, एक. आमच्याकडे दुधाचा हिशेब कायम दादाच्या हातचा. पण जूनच्या पानापासून त्या आकड्यांखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा सुरू झाल्या होत्या. चार उभ्या, पाचवी तिरपी. दादा डावखुरा, त्याची तिरपी रेघ इतरांपेक्षा उलटी पडते. एका चौकटीत तर रेघ खोडून पुन्हा काढलेली.

हे वहिनीचं पाणी होतं. एक भांडं, एक रेघ.

वहिनीला स्तनाचा कर्करोग झाला त्या वर्षी केमोचे पहिले चार डोस दर एकवीस दिवसांनी होते. दोन औषधं. एक डॉक्सोरुबिसिन, कोकम सरबतासारखं लालभडक, आणि दुसरं सायक्लोफॉस्फामाइड, दिसायला नुसतं पाणी. सलाईन काढताना नर्सने बजावलं होतं, "आज-उद्या लघवी लालसर होईल, घाबरायचं नाही. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं. लघवी साठवायची नाही, लागली की जायचं. रात्रीसुद्धा उठायचं." डॉक्टरांनी वहिनीला अडीच लिटर सांगितलं होतं. ज्याच्या हृदयाला किंवा मूत्रपिंडाला तेवढं झेपत नाही त्याचा आकडा वेगळा असतो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. दादाने घरी येऊन कालनिर्णयच्या खिळ्याला सुतळीने पेन्सिल बांधली.

पाण्याचं एवढं का, ते मला पुढे समजलं. सायक्लोफॉस्फामाइड शरीरात फुटतं तेव्हा त्यातून अॅक्रोलीन नावाचं द्रव्य सुटतं. ते मूत्राशयात साचून राहिलं तर आतलं अस्तर पोळतं, रक्तही येऊ शकतं. पाणी त्याला धुऊन बाहेर काढतं. हे वाचताना मी एका वाक्यापाशी थांबलो. कढईत तेल फार तापून धूर उठतो, घरभर ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, त्या धुरातही हेच अॅक्रोलीन असतं. जळक्या फोडणीचा धूर बाईच्या पोटात, आणि त्याच्यावर उतारा म्हणून गार पाण्याचं भांडं.

घरात तेव्हा फोडणी बंदच होती. पहिल्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी मोहरी तडतडली आणि वहिनी बाथरूमकडे धावली. जिच्या फोडणीच्या वासावरून शेजारी आमच्याकडची आमटी ओळखायचे, तिला तो वास सोसेना. मग वरणाला नुसतं तूप, भाजी वाफेवर. साडेदहाला शेजारच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यायचा तेव्हा आम्ही खिडकी लावून घ्यायचो. गरम अन्नाचा वास भपकन येतो, गार अन्नाचा कमी, म्हणून ती निवलेला दहीभात खाऊ शकायची. स्टीलचा चमचा तोंडात गेला की तिला लोखंड चाटल्यासारखं व्हायचं. आम्ही लाकडी चमचा आणला. खरं तर तिने बोटांनीच खाल्लं, आणि मला वाटतं बोटांनी खाल्लेला घास जास्त आपला असतो.

मोहरीवरून आठवलं. सायक्लोफॉस्फामाइड ज्या घराण्यातलं, त्याचं नाव नायट्रोजन मस्टर्ड. पहिल्या महायुद्धात ज्या विषारी वायूने सैनिकांची कातडी सोलून काढली, त्याला वासावरून 'मस्टर्ड' म्हणत, मोहरीचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच्याच भाऊबंदातलं एक रसायन १९४२ साली अमेरिकेत येल इथे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला टोचलं आणि गाठी वितळू लागल्या. वेगाने वाढणाऱ्या पेशींना ते मारतं. गाठीच्या पेशी वेगाने वाढतात. पण केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही वेगाने वाढतात. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत बदलतात. औषधाला यातला आपला-परका कळत नाही. म्हणून केस जातात, तोंड येतं, आणि साखरेचा चहा राखेसारखा लागतो.

तोंड आलं तेव्हा मीठ आणि खायच्या सोड्याच्या कोमट गुळण्या चालू होत्या. लिंबू, चिंच, तिखट सगळं कपाटात गेलं. उरली पेज.

आमच्या कुडाळकडच्या घरी न्हेरीला पेजच असायची. उकड्या तांदळाची. भात भिजवायचा, उकडायचा, खळ्यात वाळवायचा आणि मग भरडायचा, म्हणजे कोंड्यातलं सत्त्व दाण्यात मुरतं. दाणा जाड, अंगावर तांबूस रेषा. आजी पहाटे चुलीवर टोप चढवायची, मूठभर तांदळाला पाणी मात्र टोपभर. शेतावरून माणसं दहाला परत येत आणि कांस्याच्या थाळ्यात पेज ओतली जाई, बाजूला लोणच्याची फोड किंवा सुकटीची चटणी. आम्हा पोरांना ताप आला की वरची निवळ मिळायची, दाणा नाही. आजी ती एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतून निववायची. उंचावरून सोडलेली ती राखाडी धार मला अजून दिसते, आणि ती खाली पडतानाचा आवाजही आठवतो. निवळ प्यायला दिल्यावर आजी समोर बसत नसे. वाटी हाताशी ठेवायची, पदराला हात पुसायची आणि गोठ्यात निघून जायची. आल्यावर वाटी रिकामी आहे का तेही बघत नसे. तापात माणसाला कोणी बघत बसलेलं नको असतं, हे तिला कुणी शिकवलं असेल? कुकरमधली पेज मला पेज वाटत नाही. शिट्टीने दाणा फुटतो, पण शिजत शिजत पाण्यात उतरत नाही. पेजेला तास-सव्वातास द्यावाच लागतो, आणि कुणीतरी तिच्यापाशी उभं राहावं लागतं.

मी उभा राहिलो. वहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, मला जेवायला वाढलं तिनेच. वासामुळे ती स्वयंपाकघरात येऊ शकत नव्हती. खोलीतून, दार लोटून, ती मला पेज शिकवायची, आवाजावरून.

"भावजी, झाकण पुरतं टाकू नका, उतू जाईल."

"बरं."

"आता ऐका. बुडबुडे पातळ वाजतायत. आवाज जाड झाला की दाणा फुटला समजा."

खरंच आवाज जाड व्हायचा. मग मीठ. पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की नुसत्या पेजेवर भागणार नाही, शरीर पेशी नव्याने घडवतंय, त्याला प्रथिनं लागतात. मग पेजेत मूठभर मुगाची डाळ आली, दुपारी पूर्ण उकडलेलं अंडं. डोसनंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा बाहेरचं, कच्चं, उघड्यावरचं बंद, आणि केळ्यासारखी साल काढून खायची फळं तेवढी चालू. ताप शंभरावर चढला की रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन.

भेटायला येणारी माणसं प्रेमाने यायची, आणि सल्ले आणायची. साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल. मला हे मनापासून पटत नाही. साखर न खाल्ली तरी शरीर स्वतः साखर तयार करतं. उपाशी राहतो तो माणूस, त्याचं वजन उतरतं आणि मग पुढचा डोस झेपत नाही. पण त्याहून जड मला एक वाक्य वाटायचं, 'थोडं तरी खा.' मीही ते म्हटलं आहे. वहिनी मान हलवायची, एक घास घ्यायची, तो माझ्यासाठी असायचा. तिच्या पोटासाठी नव्हे.

दादा मात्र ते कधी म्हणाला नाही. तो भांडं भरून उशाशी ठेवायचा आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचा. रिकामं दिसलं की रेघ. एकदा पाणी प्यायल्यावर तिला उलटी झाली. दादाने जाऊन रेघ खोडली. खोलीतून आवाज आला, "अहो, खोडू नका. प्यायले तर होते ना मी."

त्याने ती पुन्हा काढली.

जूनचं ते पान मी बरणीला परत गुंडाळलं नाही. वहिनी आता कुडाळच्या घरी असते, सकाळी खळ्यात खुर्ची टाकून बसते. गेल्या खेपेला एसटीने तांदळाचं पोतं आलं, तोंड सुतळीने शिवलेलं. पोत्यात हात घातला तर दाणे अजून उन्हाने कोमट होते, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.