दुसरी प्रत
चंदीगडच्या सेक्टर २२ मधील बाजारात मोबाइल व संगणक दुरुस्तीची दुकाने आहेत. नोकरीनिमित्त त्या शहरी स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ आपला मंदावलेला संगणक घेऊन तेथे गेले. “कार्यप्रणाली नव्याने घालावी लागेल,” तंत्रज्ञ म्हणाला आणि त्याने विचारले, “साहेब, यात जपण्यासारखे काही आहे का?”

गृहस्थ थबकले. दिवंगत आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या त्यातच होत्या. डेस्कटॉपवरील फाइली सहसा सी ड्राइव्हवर, म्हणजे कार्यप्रणालीच्याच घरात राहतात. ते घर पाडून नवे बांधताना त्याही पुसल्या जातात. तंत्रज्ञाने ओव्या आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या, त्या वाजवून खात्री करून घेतली आणि मगच कामास हात घातला.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली, तरी लोकांना मुखोद्गत असल्याने अभंग तरले, असेही सांगितले जाते. आईच्या ओव्या मात्र एकाच यंत्राच्या स्वाधीन होत्या. त्याच रात्री गृहस्थांनी आणखी एक प्रत केली आणि नाशिकच्या बहिणीकडे पाठवली. कार्यप्रणाली पुन्हा बसवता येते. आईचा आवाज पुन्हा मिळणार नव्हता.