बहात्तर गावांचं राज्य

आमच्या शाळेत नागरिकशास्त्र हा काही विषय नव्हता. ते इतिहासाचं शेपूट होतं. पुस्तकाच्या मागच्या बाजूची ती पानं उघडायला फेब्रुवारी उजाडायचा. तोवर पानिपत होऊन गेलेलं असायचं, सरांचा घसा बसलेला असायचा आणि आमचा जीव परीक्षेत अडकलेला. सर फळ्यावर लिहायचे : लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था, सार्वभौमत्व. मग हात झटकत म्हणायचे, "राज्याचे घटक चार. चार मुद्दे, चार गुण. 'सार्वभौमत्व' तेवढं शुद्ध लिहा, बाकीचं मी बघून घेतो."

एवढ्या भांडवलावर मी पुढची कितीतरी वर्षं जगाच्या बातम्या वाचत आलो. ते चार मुद्दे पुन्हा आठवले ते वापीहून सिल्वासाला जाताना. जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पण त्यात गुजरात संपतो, दादरा लागतं. दादरा संपतं, पुन्हा गुजरातची एक पट्टी येते आणि मग नगर हवेली सुरू होते. जमीन तीच, ऊन तेच, रस्त्याकडेच्या कारखान्यांची धुराडीही तीच. फरक कळतो तो दुकानांच्या पाट्यांवरून. दारूची दुकानं ओळीनं दिसू लागली की समजायचं, गुजरात मागे पडला. नगर हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं एक गाव पुन्हा गुजरातचंच आहे. कोणीतरी नकाशावर शाईचे थेंब शिंपडले आणि ते पुसायचे राहून गेले, असा हा सगळा प्रकार.

देश, मुलूख, राष्ट्र, राज्य या शब्दांचंही आमच्याकडे तसंच झालं आहे. माझी आजी 'देशावरची माणसं' म्हणायची तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे हिंदुस्थान नसायचा. घाट चढून गेल्यावर लागणारी ज्वारीची रानं असायची. मुलूख म्हणजे जिथे आपली भाकरी आणि आपल्या शिव्या चालतात तो टापू. महाराष्ट्राच्या नावात राष्ट्र आहे, पण राज्यघटनेत तो एक राज्य आहे. उलट संयुक्त राष्ट्रसंघाच्या नावात राष्ट्रं आहेत आणि सभासद मात्र राज्यं. कुर्द लोक कोट्यवधी आहेत, त्यांना भाषा आहे, डोंगर आहेत, गाणी आहेत; पण ते तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया अशा चार घरांत वाटले गेलेले. त्यामुळे त्या संघात त्यांना खुर्ची नाही. व्हॅटिकनचा पसारा अर्ध्या चौरस किलोमीटरचाही नाही, आणि त्याचे राजदूत जगभर आहेत.

सरांच्या त्या चार मुद्द्यांचं एक भावंड मला पुढे भेटलं. १९३३ साली उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ शहरात अमेरिका खंडांतल्या देशांनी एक करार केला आणि राज्य कशाला म्हणावं ते लिहून ठेवलं. कायमची लोकसंख्या, ठरलेला भूप्रदेश, शासन. इथपर्यंत सरांशी एकमत. चौथा मुद्दा मात्र वेगळा : इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. सार्वभौमत्व आपलं आपल्यापाशी असू शकतं. संबंधाला मात्र समोर कोणीतरी लागतं, आणि त्यानं आपल्याकडे बघावंही लागतं.

सिल्वासाची सगळी गोष्ट त्या बघण्यातच अडकलेली आहे.

ती सुरू होते पुण्यात. १७७९ सालच्या डिसेंबरात पेशव्यांनी पोर्तुगिजांशी तह केला. गादीवरचे सवाई माधवराव तेव्हा पाच वर्षांचे होते. कारभार नाना फडणवीसांचा. इंग्रजांशी युद्ध चाललेलं, तेव्हा निदान फिरंगी तरी गोडीत राहावेत असा हिशेब. त्यातून दमणलगतच्या गावांचा वर्षाला बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगिजांना द्यायचं ठरलं. १७८३ आणि १७८५ साली गावं प्रत्यक्ष नेमून दिली गेली. तीच आजची दादरा आणि नगर हवेली; मोजली तर बहात्तर भरतात. पुण्याच्या दफ्तरात असले व्यवहार रोजचे होते. वसूल तुझा, मुलूख माझा. सरंजाम देणं म्हणजे झाडाचे आंबे उतरवू देणं. झाड काही कोणी कोणाच्या नावावर करून देत नसे.

पण आंबे खाणारा पिढ्यान् पिढ्या तिथेच बसला, मूळ मालकाची वाडी १८१८ साली लिलावात निघाली आणि नवा शेजारी इंग्रज रोज सकाळी त्याला वाडीचा धनी समजून रामराम करू लागला, तर झाड कोणाचं?

हा प्रश्न पुढे थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पण त्याआधी १९५४ चा पावसाळा आला.

त्या पावसाळ्याबद्दल मराठी माणूस हळवा होतो आणि त्याला कारणही तसंच आहे. २१ जुलैच्या रात्री गोव्याच्या 'युनायटेड फ्रंट'चे लोक दादऱ्यात शिरले. पोलीस ठाण्यातले आनिसेतो रोझारिओ हे अधिकारी त्या झटापटीत मारले गेले. मग आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक नरोलीत गेले. २ ऑगस्टला सिल्वासा हातात आलं. वारल्यांमध्ये काम करणारे कम्युनिस्टही आपल्या बाजूनं घुसले होते. एरवी एका मांडवात न बसणारी ही मंडळी एकाच चिखलातून चालत होती. त्या खटाटोपात गायक-संगीतकार सुधीर फडके होते. निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. पुढच्याच रामनवमीला, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवर फडक्यांच्या चालींचं गीतरामायण सुरू झालं. घराघरांत रेडिओला हार घालून बसलेल्या श्रोत्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं की हा गळा आठ महिन्यांपूर्वी भलत्याच मोहिमेत गुंतला होता?

गंमत पुढे आहे. सिल्वासा सुटलं, पण ते लगेच भारतात आलं नाही. सात वर्षं ते कोणाचंच नव्हतं. म्हणजे स्वतःचं होतं. वरिष्ठ पंचायत नेमली गेली, आप्पासाहेब कर्मळकर प्रशासक झाले, सारा गोळा होऊ लागला, तंटे सोडवले जाऊ लागले. आमच्या सरांना उत्तरपत्रिका दिली असती तर त्यांनी पैकीच्या पैकी दिले असते. लोकसंख्या आहे. ४९१ चौरस किलोमीटर भूप्रदेश आहे. शासन आहे. वरचा साहेब कोणी नाही. चार मुद्दे, चार गुण.

आणि तरीही ते राज्य नव्हतं. कारण त्याला राज्य म्हणायला जगात कोणी तयार नव्हतं, आणि खुद्द त्यालाही तसं म्हणवून घ्यायचं नव्हतं. जगातल्या बंडखोरांचा रिवाज असा, की हाती टेकडी आली की आधी झेंडा शिवायचा आणि राष्ट्रगीताला चाल लावायची. इथे तर चाल लावणारा घरचाच होता! पण या मंडळींना स्वतःचं राज्य नकोच होतं. हाती आलेलं राज्य कधी एकदा विसर्जित करतो, असं त्यांना झालं होतं. त्यांचं राष्ट्र सीमेच्या पलीकडे आधीच उभं होतं.

तिकडे लिस्बनमध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं राष्ट्र आणखी वेगळं. १९५१ साली त्यानं घटना दुरुस्त करून वसाहतींचं नाव बदललं. आता ते 'सागरापारचे प्रांत' झाले. म्हणजे दमणगंगेकाठचा वारली कागदोपत्री पोर्तुगालचा रहिवासी. हे त्याला कोणी कळवलं असेल असं वाटत नाही. राष्ट्र माणसांच्या मनात रुजतं, तसं ते कधीकधी राजपत्रातही छापून काढतात. मात्र पोर्तुगाल कागदाला पक्का. १४ डिसेंबर १९५५ रोजी तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि आठव्या दिवशी, २२ तारखेला, हेगला भारताविरुद्ध दावा लावून मोकळा झाला. म्हणणं असं : दमणहून आमच्या मुलखात जायला तुमच्या हद्दीतून वाट द्या.

भारताच्या बाजूनं मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि न्यायासनावर भारताकडून नेमलेले न्यायमूर्ती होते मुंबईचे महंमद करीम छागला. त्या थंड गावात, झगे घातलेल्या पंधरासतरा न्यायाधीशांपुढे पुणे दरबारचा तह आणि सनदा यांचा कीस निघाला. न्यायालयानं कौल दिला की मराठ्यांनी पोर्तुगिजांना सार्वभौमत्व दिलं नव्हतं, वसुलाचा हक्क दिला होता. निकालपत्रात चक्क 'सरंजाम' हा शब्द आला. दौतीत बोरू बुडवणाऱ्या कुठल्या कारकुनाला स्वप्नात तरी वाटलं असेल का, की आपल्या एका शब्दाचा अर्थ लावायला पावणेदोनशे वर्षांनी साऱ्या जगाचे न्यायाधीश बसतील?

पण त्याच निकालानं पुढे म्हटलं की इंग्रज आले तेव्हा पोर्तुगीज तिथे बसलेले होते, इंग्रजांनी त्यांना धनी मानलं, भारतानंही पुढे तेच चालू ठेवलं. सबब ते धनी झाले. शेजाऱ्याच्या रामरामानं झाडाचा निकाल लागला! १२ एप्रिल १९६० चा शेवटचा हुकूम असा : सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हती, आणि १९५४ साली वाट अडवून भारतानं काही आगळीक केली नाही. दोन्ही पक्षांनी आपण जिंकल्याचं सांगायला मोकळं राहावं, असा तो निकाल. हक्क तुमचा खरा, पण तो बंदुकीनं बजावता येणार नाही.

या सगळ्या दाव्यात एक पक्षकार नव्हताच. त्या न्यायालयाची पायरी फक्त राज्यांना चढता येते. नाव आंतरराष्ट्रीय, पण राष्ट्रांना तिथे दार नाही. त्यामुळे ज्या गावांवरून एवढा कज्जा चालला, ती गावं आणि त्यांची वरिष्ठ पंचायत बाहेरच उभी राहिली.

कौटिल्यानं सत्तेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खजिना आणि सैन्य यांची ती प्रभुशक्ती. सल्ला आणि अक्कल यांची ती मंत्रशक्ती. पराक्रमाची ती उत्साहशक्ती. त्याच्या मते उत्साहापेक्षा प्रभुशक्ती बरी आणि तिच्याहून मंत्रशक्ती बरी. सिल्वासाच्या कथेत तिन्ही ओळीनं येतात. पावसात भिजत गेलेल्या पोरांपाशी उत्साह होता. दिल्लीनं वाट अडवली, ती प्रभुशक्ती. सेटलवाडांनी हेगमध्ये केलं, ते मंत्राचं काम. तरी कौटिल्याच्या क्रमाबद्दल मला एक शंका आहेच. आधी उत्साह नसता, तर मंत्र्यांना सल्ला द्यायला उरलं काय असतं?

शेवट मोठा मजेदार झाला. जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीनं भारतात विलीन व्हायचा ठराव केला. पण विलीन व्हायला करार हवा, आणि करारावर सही करायला समोर तोलामोलाचा माणूस हवा. नेहरूंच्या समोर कोण बसणार? मग के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला ११ ऑगस्ट १९६१ या एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान करण्यात आलं. त्यांनी सही केली आणि त्यांचं पद, त्यांचं राज्य, दोन्ही संपलं. ज्याला सात वर्षं कोणी राज्य म्हटलं नाही, त्याला मिटवण्यासाठी एक दिवस राज्य म्हणावं लागलं.

चार महिन्यांनी गोव्यात सैन्य गेलं आणि छत्तीस तासांत साडेचारशे वर्षांचा डाव उठला. तिथे मंत्र, उत्साह वगैरेंची वेळ टळून गेली होती. सुरक्षा समितीत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारानं पडला. म्हणजे समोरच्याच्या बघण्यालाही पुन्हा कोणाचं तरी बळ लागतंच. पोर्तुगालनं हे सगळं मान्य केलं ते १९७४ च्या शेवटच्या दिवशी, तेसुद्धा आपल्या घरी क्रांती झाल्यावर. आणि त्याच गोव्यानं १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला नकार दिला, तेव्हा आम्ही चकित झालो. भाषा जवळची, देव तेच, माणसं सोयऱ्यातली. मग नाही का म्हणाले? आपण ज्याला आपलं म्हणतो त्यानंही आपल्याला आपलं म्हणावं लागतं, हे मॉन्टेव्हिडिओच्या चौथ्या मुद्द्यात होतं. आम्ही सरांचा चौथा मुद्दा पाठ केला होता.

सिल्वासाच्या बाहेर एका टपरीवर थांबलो. चहावाला वारली. त्याची बोली मराठीला खेटून जाणारी, मध्येच गुजराती झुळूक. शेत दमणगंगेकडे, नोकरीला पोरगा वापीत, सासुरवाड तलासरीला. एका कुटुंबाच्या तीन हद्दी. त्याच्या लोकांनी शिवेवर वाघदेव बसवले, तेव्हा ना पेशवे होते ना फिरंगी. वाघदेवाचं काम गावाची राखण. तो कोणाचा कागद बघत नाही. मी उगाच १९५४ चा विषय काढला. तो जरा थांबून म्हणाला, "आजा सांगायचा. सायेब बदलला." आणि गाळणी आपटून चोथा टाकला.

मग त्यानं विचारलं, "तुम्ही कुठले?"

"पुण्याचा," मी म्हणालो. पुण्यात कोणी विचारलं असतं तर पेठ सांगितली असती. हेगमध्ये विचारलं असतं तर भारत. या प्रश्नाला समोरचा बघून आपण उत्तर लहानमोठं करतो. राष्ट्र बहुधा अशाच उत्तरांतलं एक, सगळ्यात लांबच्या माणसाला द्यायचं.

परतताना गुजरातच्या नाक्यावर गाडी अडवली. हवालदारानं काचेवर टकटक केली. "कुठून?"

"पुण्याहून."

"ते नाही. आत्ता कुठून?"

"सिल्वासाहून."

"डिकी उघडा."

मी उघडली. एक पिशवी, एक छत्री, पाण्याची बाटली. त्यानं बाटलीचं झाकण काढून वास घेतला, पुन्हा लावलं आणि हातानं जा म्हणाला. हा प्रश्न विचारायचा अधिकार माझ्याकडे नव्हता, त्याच्याकडे होता; आणि मला तो चुकूनही चमत्कारिक वाटला नाही. सरांच्या फळ्यावर एवढंच राहून गेलं होतं.