ढेप

दौंड तालुक्यात केडगाव-यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळाच्या ओट्यावर ही बाई ठाण मांडून बसलेली असते. बादलीच्या साच्यातून पालथी पडलेली, वर निमुळती, खाली बैठक रुंद. वजन दहा किलो. शेजारी तिच्या किलोकिलोच्या धाकट्या बहिणी. त्यांच्या पोटात काही राहत नाही. थोरलीच्या पोटात बरंच मावतं.

तिचा जन्म मात्र नाजूक. चुलवणात चिपाड ढणढणतं, रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढत काढत रस आटतो. 105 अंशांच्या आसपास उतरवला तर काकवी. ढेप हवी तर 116 ते 118. गुळव्या अंश मोजत बसत नाही. तो बुडबुड्यांचा आकार बघतो, चिमूटभर पाक गार पाण्यात सोडतो, बोटांत वळून गोळी काहिलीच्या काठावर मारतो. गोळी टणक वाजली की काहील उतरते. जरा आधी उतरवली तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला तर करपते.

तिच्या रंगावर लोक फार भाळतात. पिवळी धमक असली तर बाजार खूश, म्हणून काही ठिकाणी तिला हायड्रॉस नावाचं रसायन पाजतात. रसायनाविना झालेली ती तपकिरी, सावळी असते. पावसाळ्यात दोघीही हवेतला ओलावा पिऊन पाझरतात.

तिचा खरा स्वभाव कळतो तो हातात घेतल्यावर. किलोच्या ढेपेतून पंचवीस ग्रॅमचा खडा काढा, जाणत्या हाताला लगेच शंका येते. तोच खडा थोरलीतून काढा, ती ताकास तूर लागू देत नाही. तिच्यातून पाव किलो गेला तरच हात चमकतो. जर्मनीतल्या लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबरने 1834 साली हेच मांडलं: उचललेल्या वजनात साधारण चाळिसावा भाग बदलला तर फरक कळतो. शरीर ग्रॅम मोजत नाही, प्रमाण मोजतं. हात नुसता टेकून ठेवला तर ते आणखी ढिलं पडतं. म्हणून व्यापारी ढेप हातावर झेलून बघतो. जिभेला तर याहून बराच मोठा फरक लागतो. पुढे फेश्नर या जर्मन शास्त्रज्ञाने 1860 मध्ये वेबरच्या या नियमावर अख्खं शास्त्र उभं केलं.

भीमा ओलांडून पारगाव-न्हावऱ्याच्या रस्त्याने ती शिरूरच्या दुकानात पोचते. तिथे किलोभर गूळ घेणाऱ्याच्या पारड्यात दुकानदार वरून एक खडा टाकतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. अख्खी ढेप नेणाऱ्याला तो असा खडा कधी देत नाही. एवढ्याशा खड्याने तिथे उपकार दिसणारच नाही, हे त्याला वेबर न वाचताच ठाऊक असतं.