मीठ फुटलेलं रान आणि आठवीतला आयन



'प्रभारित अणू किंवा अणुगट म्हणजे आयन' ही व्याख्या आपली पोरं घडाघडा म्हणतात. संयुजांची तिरकस अदलाबदल करून रेणुसूत्रही काढतात. आधी सातारा जिल्ह्यात आणि मग सांगलीकडं शिकवताना मला मात्र दिसत आलं की हा आयन बहुतेकदा वहीतच राहतो. त्याला बाहेर काढला एका पोराच्या प्रश्नानं.

"सर, आमच्या रानात मीठ फुटलंय. बाबा म्हणतात, जिप्सम टाकायचं. जिप्सम पण क्षारच ना? मग रान आणखी खराब नाही का होणार?"

वाळवा, मिरज भागातल्या वाचकांना हे सांगायला नको. कृष्णाकाठची काळी जमीन, वर्षानुवर्षं ऊस, पाटानं भरपूर पाणी आणि निचरा नाही. पाणी वर येऊन वाळतं, क्षार मागं राहतात. अशा रानावर घर चालत असेल तर हा प्रश्न मार्कांचा राहत नाही.

त्याचं उत्तर आयनातच आहे. सोडियमच्या अणूत 11 प्रोटॉन आणि 11 इलेक्ट्रॉन. एक इलेक्ट्रॉन गेला की 11 विरुद्ध 10, म्हणजे एक धन प्रभार उरतो. धातूचा सोडियम पाण्यात टाकला तर भडकतो, पण त्याचाच आयन आपण रोज आमटीत खातो. (हे वाक्य वर्गात दोनदा सांगा, पहिल्यांदा कुणालाच पटत नाही.) कॅल्शियम 20 पैकी दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणून त्याच्यावर दोन धन प्रभार.

आता मातीकडं या. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, त्यामुळं धनायन त्यांना चिकटून बसतात. तिथं सोडियमची गर्दी झाली की कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात, छिद्रं बुजतात. पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखं. हीच चोपण जमीन. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम आयन कणाला जास्त घट्ट धरतो आणि एकटा दोन सोडियम आयनांना उठवतो. उठलेला सोडियम सल्फेटसोबत पाण्यात विरघळून राहतो. म्हणजे प्रश्न 'क्षार आहे का' एवढाच नाही, 'कोणता आयन आहे' हा आहे.

पण ते पाणी बाहेर जायला चर किंवा निचऱ्याची नळी नसेल तर सोडियम रानातच फिरत राहतो आणि जिप्समचे पैसे पाण्यात. शिवाय पांढरं दिसलं की चोपणच, असं नाही. नुसती क्षारयुक्त जमीन असेल तर चांगल्या पाण्यानं धुवून निचरा करणं हाच मुख्य उपाय. म्हणून त्या पोराला म्हटलं, बाबांना आधी माती तपासायला सांग. सामू साडेआठच्या वर आणि मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा 15 टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण धरतात.

तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांच्या पोरांसाठी दुसरं उदाहरण आहे. बोर्डो मिश्रण केलं की काही जण त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. मोरचुदातला मोकळा तांब्याचा आयन लोखंडाकडून दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि पात्यावर धातूचा अणू होऊन बसतो. आयनाचा अणू झालेला डोळ्यांना दिसतो, आणखी काय पाहिजे? वर्गात हेच काचेच्या ग्लासात, मोरचुदाच्या पाण्यात घासलेला खिळा टाकून दाखवता येतं. पालकांना एवढंच, की मोरचूद विषारी आहे. प्रयोगाचा ग्लास परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

पुढच्या आठवड्यात पोरांना घरचा माती परीक्षणाचा कागद आणायला सांगितलाय. ज्यांच्याकडं नाही त्यांनी शेजाऱ्यांचा आणावा. त्यावरची सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड ही नावं शोधायची, धनायन कोणते, ऋणायन कोणते ते लिहायचं, आणि मगच संयुजांचा तक्ता उघडायचा.