मुलांसाठी मांडलेला डाव

माणसाला कशाचेही नाव ठेवायला सांगितले, की तो हटकून मोठे नाव शोधतो. आमच्या गल्लीतल्या दीड खणी खानावळीचे नाव 'राजमहाल' आहे, आणि फळ्यापाशी बोलावले की ज्याचे पाय लटपटतात त्या माझ्या वर्गातल्या मुलाचे नाव रणजित आहे. म्हणून ज्याने आपल्या हातून घडलेल्या मोठ्या कामाला मुद्दाम क्षुल्लक नाव दिले, अशा माणसाविषयी मला आपुलकी वाटते. ॲलन के हे असे गृहस्थ. अमेरिकेत संगणकासाठी नव्या भाषा रचल्या जात होत्या तेव्हा त्यांना झ्यूस, ओडिन, थॉर अशी देवादिकांची नावे ठेवण्याची चाल होती, आणि एवढ्या थोर नावांची ती मंडळी प्रत्यक्षात फारसे काही करीत नसत. के यांनी ठरवले, की आपल्या भाषेचे नाव असे असावे की तिच्याकडून कोणी काही अपेक्षाच करू नये. मग तिने थोडे जरी चांगले केले तरी लोकांना कौतुक वाटेल. त्यांनी नाव ठेवले 'स्मॉलटॉक'. आपल्याकडे ओसरीवर पाऊसपाण्याच्या गप्पा चालतात, तसे काहीसे.

मी मराठीचा मास्तर. मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेली नाही, आणि संगणकाशी माझा संबंध कादंबरीचे हस्तलिखित टंकून घेण्यापुरता. अशा माणसाने या विषयात नाक खुपसावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण हे खूळ माझ्या भाच्याने लावले. तो पुण्याला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितो आणि दिवाळीचे चार दिवस आमच्याकडे काढतो. चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन तो म्हणाला, "मामा, एक भाषा आहे. आमच्या ऑफिसात ती कुणालाही येत नाही. पण आम्ही दिवसभर जे करतो ना, त्यातलं बरंचसं तिचं आहे." भाषाशिक्षकाला एवढे वाक्य पुरे झाले. आमच्या घरातही संस्कृतची हीच तऱ्हा आहे. रोजच्या व्यवहारात ती कोणी बोलत नाही, आणि तोंड उघडले की तिचे चार शब्द बाहेर पडल्यावाचून राहत नाहीत.

तेव्हापासून मी भाच्याला पिडून, मिळेल ते वाचून, या भाषेची कुळकथा जमवली. तिचे आजोळ नॉर्वेत आहे. ऑस्लो इथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी १९६०नंतरच्या दशकात 'सिम्युला' नावाची भाषा केली. त्याआधीचा प्रोग्रॅम म्हणजे कवायतीच्या मास्तरांचा हुकूम: हे कर, मग ते कर, मग थांब. सिम्युलात माहिती आणि तिने करायचे काम यांची एक मोट बांधलेली असे, आणि तिला वस्तू म्हणत. के यांनी विद्यार्थिदशेत १९६६ साली ही कल्पना पाहिली. गणिताबरोबर ते जीवशास्त्रही शिकलेले होते, म्हणून त्यांना तिथे शरीरातली पेशी दिसली. पेशीला स्वतःची भिंत असते, आतला संसार तिचा तिने सांभाळायचा असतो, आणि बाहेरच्यांनी आत हात न घालता नुसता निरोप धाडायचा असतो. स्मॉलटॉकमध्ये म्हणून सगळेच वस्तू आहे. तीन हा आकडासुद्धा! तीन अधिक चार करायचे म्हणजे तीनला निरोप द्यायचा, 'बाबा रे, तुझ्यात चार मिळव.' कसे मिळवायचे ते तीनचे तो पाहून घेतो.

ही भाषा जन्मली ती एका पैजेतून. पालो आल्टो इथल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात गप्पा मारता मारता के बोलून गेले, की जगातली सर्वांत समर्थ भाषा एका पानात मांडता येईल. मित्रांनी म्हटले, मांडा. मग पंधरा दिवस पहाटे चार ते आठ बसून त्यांनी ते पान लिहिले, डॅन इंगल्स या सहकाऱ्याने ते चालते केले, आणि १९७२च्या ऑक्टोबरात यंत्राने तीन आणि चार यांची बेरीज फार सावकाश, पण बरोबर केली. ज्यांनी पहिलीच्या वर्गाला शिकवले आहे त्यांना त्या बेरजेचा आनंद वेगळा सांगायला नको.

मला स्वतःला मात्र या भाषेतली एक लहानशी सोय सर्वांत आवडते. वस्तूला न कळणारा निरोप गेला, तर ती वस्तू सरळ सांगते, 'मला समजले नाही.' काम तिथेच थांबते, काय चुकले ते समोर मांडले जाते, लिहिणाऱ्याने तिथल्या तिथे दुरुस्त करायचे आणि थांबले होते तिथूनच काम पुढे न्यायचे. वीस वर्षे खडू झिजवून माझ्या वर्गात 'सर, समजलं नाही' म्हणणारी मुले मी हाताच्या बोटांवर मोजली आहेत. बाकीची माना डोलावतात.

आणि ही भाषा केली होती मुलांसाठीच. के यांनी १९७२ साली वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. त्याचा पुठ्ठ्याचा नमुनाही केला होता. तो मुलांनी दप्तरात टाकून हिंडावे आणि त्यात काय चालावे ते मुलांनीच लिहावे, हा सारा बेत. ॲडेल गोल्डबर्ग या बाईंनी पालो आल्टोच्या शाळकरी मुलांना ही भाषा शिकवण्यात मोठा वाटा उचलला. एका मुलीने रंग भरण्याचे साधन स्वतः लिहिले, बारा वर्षांच्या दुसरीने आकृत्या काढण्याचे. सगळ्यांनाच ते जमले नाही; पुष्कळ मुले मध्येच अडली, असे के यांनी पुढे १९९३ साली मोकळेपणाने लिहून ठेवले. शंभर टक्के निकाल सांगणाऱ्या प्रयोगावर माझा विश्वास बसत नाही, यावर बसला.

पुढचा भाग पुष्कळांना ठाऊक असेल. १९७९च्या डिसेंबरात स्टीव्ह जॉब्स आपली माणसे घेऊन ते केंद्र पाहायला आले. गोल्डबर्गबाईंनी आपले काम दाखवायला कडाडून विरोध केला. घरातली भांडीकुंडी परक्याच्या हवाली केल्यासारखे होईल असे त्यांचे म्हणणे. वरिष्ठांचा हुकूम झाला आणि दाखवावे लागले. पडद्यावर एकावर एक रचलेल्या खिडक्या, उंदराने टिचकी मारून निवडायच्या याद्या, सगळे स्मॉलटॉकमध्ये चाललेले. पाहुण्यांपैकी कोणाला मजकूर सरकण्याची तऱ्हा आवडली नाही, तर इंगल्स यांनी चालू यंत्र न थांबवता क्षणात ती बदलून दाखवली. ॲपलचा मॅकिंटॉश १९८४ साली आला, आणि तसल्या खिडक्या हळूहळू जगभरच्या कचेऱ्यांत उघडल्या. ब्रॅड कॉक्स यांनी स्मॉलटॉकची निरोप धाडण्याची रीत जुन्या 'सी' भाषेवर कलम केली. त्या 'ऑब्जेक्टिव्ह-सी'त पुढे आयफोनवरचे प्रोग्रॅम वर्षानुवर्षे लिहिले गेले. रुबीने तिच्यापासून उघड उसने घेतले. जावाही तिची ऋणाईत आहे, आणि मौज म्हणजे १९९५नंतर बाजारातून स्मॉलटॉकला मागे सारले ते याच जावाने. आपला प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहिण्याची भाच्याची रोजची सवयसुद्धा स्मॉलटॉकवाल्यांच्या घरातून फैलावलेली. भाषा स्वतः गेलेली नाही. 'फारो' या नावाने तिचे एक पातं अजून नांदते आहे. पण तिचा पत्ता ठाऊक असणारे थोडे.

उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही. विद्या अशीच हिंडते. मला खुपते ते निराळेच. जगाने खिडक्या नेल्या, उंदीर नेला, वस्तू नेल्या, निरोपही थोडेबहुत नेले. ज्याच्यासाठी हा डाव मांडला होता ते मूल तेवढे मागे राहिले. संगणक मुलांच्या हातात आला खरा, पण आत हात घालायची मनाई होऊनच. दिवाळीत आता बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो तसे हे झाले. बुरूज रेखीव असतात, पण हळीव पेरायला माती नसते आणि गुहा कुठे खणायची यावरून भावंडांची भांडणे होत नाहीत. संगणकाची एक खोली माझ्या पाहण्यात होती: चपला बाहेर, यंत्रांवर प्लास्टिकची झुली, दाराला कुलूप. आठवड्यातून एकदा मुलांनी आत जायचे, दिलेला उतारा टंकायचा आणि अक्षरे ठळक करायची.

मूल अगदीच विसरले गेले, असे मात्र नाही. के आणि इंगल्स यांच्या मंडळींनी १९९६ साली 'स्क्वीक' या नावाने ही भाषा पुन्हा उभी केली. तिच्यावर रचलेले 'ईटॉइज' हे मुलांचे साधन २००७च्या सुमारास, प्रत्येक मुलाला एक संगणक देण्याच्या त्या गाजलेल्या योजनेतल्या हिरव्यापांढऱ्या यंत्रांत बसले; त्यातली काही यंत्रे आपल्या कर्जतच्या बाजूला, धनगरवाड्यातल्या छोट्या शाळेपर्यंत आली होती. त्याच वर्षी एमआयटीतून 'स्क्रॅच' बाहेर पडले. त्याची पहिली घडण स्क्वीकमधली. आता त्याचे आतले लाकूड बदलले आहे, पण ठोकळे जोडायचे, चित्रांना वागणूक शिकवायची आणि त्यांनी एकमेकांना निरोप द्यायचे, ही रीत टिकली आहे.

आमच्या शाळेत हे स्क्रॅच गेल्या वर्षी आले. सहावीतल्या एका मुलीने त्यात एसटीचा थांबा केला. 'गाडी आली' असा एकच निरोप. तो ऐकून कुत्रे बाजूला पळते, पोरगा पिशवी उचलतो, चहावाला आरोळी देतो. निरोप एकच आणि ज्याचे त्याचे वागणे ज्याच्या त्याच्यापाशी. एक म्हातारी तेवढी बाकावर बसून होती. मी विचारले, "ही का गं उठत नाही?"

"तिला समजत नाही, सर," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "गाडी आल्यावर काय करायचं, ते मी तिला अजून शिकवलंच नाही. थांबा."

शाळा सुटून गेली होती. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा होता. त्याला मी चहा पिऊन यायला सांगितले.