पन्हाळ्यावरचे सोंग

गेल्या आषाढात विद्यार्थ्यांची सहल घेऊन पन्हाळ्यास गेलो होतो. रात्री धो धो पाऊस. पोरांनी 'माफिया'चा डाव मांडला. गावात छुपे मारेकरी आणि त्यांना हुडकणारा एक डिटेक्टिव्ह. चिठ्ठी उघडून पाहतो तो डिटेक्टिव्ह मीच! पण मी तोंड उघडण्याआधीच एक विद्यार्थिनी ठणकावून म्हणाली, "डिटेक्टिव्ह मी आहे!" मी खवळलो, "साफ खोटं!" गाव गोंधळले आणि भलत्याच तिसऱ्याला फाशी दिले. पुढच्या रात्री माझा खून!

"सर, दोघांपैकी एक खोटा, हे उघड होतं," डाव संपल्यावर ती हसून म्हणाली. "गावानं आपल्या दोघांतलाच एक काढायचा. तो निर्दोष निघाला, तर उद्या दुसरा. सोंग कायमचं पटावं लागत नाही, सर. वेळ मिळाला की पुरे."

सकाळी शिवा काशीदच्या पुतळ्यापाशी थांबलो. जुलै १६६० मध्ये, सिद्दी जौहरच्या वेढ्यात, तो महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसला. शत्रूने त्याला ओळखले. पण तोवर महाराज विशाळगडाच्या वाटेवर दूर गेले होते.

रात्री हसणारी ती पोर आता गप्प होती. तिचे सोंग डावाबरोबर उतरले, शिवाचे प्राणांबरोबर!