सांगण्याची किंमत

२००७ साली दिल्लीतील आमच्या सरकारी निवासस्थानी ब्रॉडबँड आले, तेव्हा मी घरात एक नियमावलीच जारी केली. (सवय, दुसरे काय!) संगणक बैठकीच्या खोलीत राहील, रात्री नऊनंतर बंद होईल आणि काही गैर आढळल्यास जोडणी कायमची काढली जाईल. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिला ऑर्कुटवर पुण्याच्या मावसभावंडांशी गप्पा मारायच्या होत्या. घरापासून इतक्या दूर वाढणाऱ्या मुलांना मराठीत थट्टामस्करी करायला दुसरी जागा तरी कोणती होती? जन्मवर्ष खोटे लिहून तिने खाते उघडले, हे मला ठाऊक होते. मी काणाडोळा केला.

ऑर्कुट २०१४ साली बंद पडले. त्यानंतर काही वर्षांनी, नोकरीला लागलेल्या माझ्या मुलीने एका रात्री जेवताना सांगितले की, त्या काळात एक अनोळखी इसम तिला सतत संदेश पाठवीत असे. आधी अभ्यासाची चौकशी, मग छायाचित्राची मागणी, मग धमक्या. हे आठ महिने चालले होते. मला का नाही सांगितलेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कनेक्शन काढलं असतं."

अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला यापुढे खुलासा नको. खरे बोलण्यावर मी जबर कर बसवला होता, आणि वसुली शून्य आहे म्हणजे सर्व आलबेल आहे, अशा समजुतीत होतो. ते आठ महिने मी त्याच खोलीत, तिच्यापासून दहा फुटांवर, फायली वाचत बसलेला असे.

ऑनलाइन फूस लावण्याविरुद्धचे कलम ६७ब माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाले, म्हणजे आमच्या प्रकरणानंतर. २०१२ चा पॉक्सो कायदा मी त्या रात्री पुन्हा काढून वाचला. गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. पण ती शिक्षा मुलाला लागू नाही, असेही तेथेच म्हटले आहे. मसुदा करणाऱ्यांना जे उमगले, ते मला बाप असून उमगले नव्हते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. हेतू उत्तमच आहे. परंतु आमच्या कार्यालयातील वाहनचालकाचा तेरा वर्षांचा मुलगा वडिलांचाच फोन वापरतो, आणि त्यावर आलेला ओटीपी वडिलांना तोच वाचून दाखवतो. तेथे संमती नेमकी कोणाची?

मध्यंतरी मी त्या चालकाला १०९८ हा बालमदतीचा क्रमांक लिहून दिला. मुलगा काही सांगू लागला तर फोन काढून घेऊ नका, असेही म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला. गेल्या आठवड्यापासून फोन कुलपातच ठेवला आहे, म्हणाला. मी विचारले, काय झाले होते?

"तो काही सांगतच नाही, साहेब."